बिनसर्किटची नळी

मेकॅनिकल मॉड ही वस्तू सुटी करून मांडली तर चहाच्या बशीत मावते. धातूची एक पोकळ नळी, तिच्या बुडाशी बटण, आत एक लिथियम-आयन सेल, डोक्यावर ॲटमायझर, त्यात तारेचे वेटोळे आणि वेटोळ्यातून ओवलेला कापूस. बटण दाबले की सेलचा करंट थेट तारेत जातो, तार तापते, कापसाने शोषलेल्या ग्लिसरीन आणि ग्लायकॉलच्या द्रवाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. बटण सोडले की थांबते. सर्किट नाही, पडदा नाही, दिवा नाही, फ्यूज नाही. सेल किती उरला हे सांगणारे आत कोणी नाही आणि काही चुकले तर अडवणारेही कोणी नाही.

बाकीच्या बहुतेक व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटींमध्ये, चिप असते. ती तारेचा रोध मोजते, व्होल्टेज कमीजास्त करते, शॉर्ट दिसला तर पडद्यावर तसे लिहून गप्प बसते. तीच बिघडली तर आपल्याला वाचण्यासारखे काही उरत नाही, अख्खी वस्तू बदलायची. मेकमध्ये, म्हणजे मेकॅनिकल मॉडमध्ये, जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते. एकही भाग शोभेचा नाही, आणि एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. बिघडलेला मेक उघडताना मला जो रस येतो तो यामुळे.

मी स्वतः ओढत नाही. द्रवातल्या निकोटिनचे व्यसन लागते, आणि नळी कितीही देखणी असली तरी त्यात फरक पडत नाही. भारतात तर २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात असे सगळेच बंद आहे; तेव्हा परदेशातून सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी ही नळी बॅगेत घालू नये, हे आधीच सांगून टाकतो. मी राहतो इंग्लंडमध्ये, मिडलंड्सच्या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात. इथे अठरा वर्षांवरच्या कुणालाही ती दुकानात मिळते. लेथवर उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाच्या हातात अशी वस्तू आली की तो आधी आटे बघतो. माझेही तेच होते.

तिचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. तंबाखू न जाळता वाफ ओढण्याच्या साधनाचा पेटंट-अर्ज अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली केला, १९६५ साली पेटंटही मिळाले, पण ते उत्पादन काही बाजारात उभे राहिले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांना, साधारण २००३ सालचे. ती पहिली पिढी सिगारेटच्या आकाराची होती, सेल नखाएवढा आणि वाफ जेमतेम. समाधान न झालेल्या हौशी लोकांनी टॉर्चच्या नळ्यांत मोठे सेल घालून स्वतःच जुगाड सुरू केले. ब्रिटनमधील टेड आणि मॅट रॉजर्स यांची ‘स्क्रूड्रायव्हर’ २००८ची, आणि या घराण्याची थोरली म्हणून तिचेच नाव घेतले जाते. पुढे ग्रीस, फिलिपिन्स, अमेरिका इथल्या छोट्या वर्कशॉपांनी ही नळी लेथवर घेतली आणि ती कारागिरीची वस्तू झाली. ग्रीसच्या ॲटमोमिक्सानीची ‘नेमेसिस’ त्यांतली सर्वांत गाजलेली, आणि गाजलेली म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर. नकलांवर अनुक्रमांकसुद्धा कोरलेले असतात.

माझ्याकडे आली ती याच घाटाची, बहुधा नक्कलच. आणणारा माझ्या ओळखीचा सांगलीकडचा पोरगा, इथे गोदामात नोकरीला आहे. सिगारेट सोडण्यासाठी म्हणून त्याने हे धरले आणि आता सिगारेट सुटली आहे, हे सुटायचे आहे. त्याची तक्रार दोन वाक्यांची होती. “दादा, कधी पेटते, कधी पेटतच नाही. आणि बूड लई तापाय लागलंय.”

दुसऱ्या वाक्यात निदान जवळजवळ आलेच होते. या नळीत बिघाड शोधण्याचे पहिले साधन मीटर नाही, तळहात आहे. करंट जिथून जातो तिथे रोध असेल तर तिथेच उष्णता निघते. आणि वाटेत चार-पाचच सांधे असल्यामुळे गरम झालेली जागा सरळ सरळ आपले नाव सांगते. डोके तापत असेल तर बहुधा ॲटमायझरच्या आट्यांपाशी किंवा मधल्या पिनेपाशी घाण आहे. (वरची थोडी ऊब तारेचीच असते, ती सोडून द्यायची.) बूड तापत असेल तर बटणाचे कॉन्टॅक्ट. आणि मधली नळी, म्हणजे सेलची जागा, तापत असेल तर पुढे वाचनबिचन काही नाही. सेल बाहेर काढायचा, बाहेर उघड्यावर न पेटणाऱ्या जागी ठेवायचा आणि लांब उभे राहायचे.

करंटची वाट अशी. सेलचे धन टोक वर, ते ॲटमायझरच्या मधल्या पिनेला लागते. तिथून करंट तारेत, तारेतून ॲटमायझरच्या अंगात, आट्यांमधून नळीत, नळीतून खाली बुडाच्या टोपणात, आणि तिथे थांबतो. बटण दाबले की टोपण आणि सेलचे ऋण टोक यांच्यातली फट मिटते. म्हणजे नळी ही नुसती पेटी नाही, ती स्वतःच तार आहे. हातात धरलेली वस्तू अर्धे सर्किट आहे हे एकदा लक्षात आले की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. आटे, कडा, वॉशर, रंग, चिकटपणा, बोटांचा घाम, सगळ्याला विजेचा अर्थ येतो.

पोराच्या नळीचे बूड उघडले. या टोपणाला एक कुलूप-कडे असते, खाली-वर फिरणारे, जेणेकरून नळी टेबलावर उभी केली किंवा खिशात टाकली तर बटण दाबले जाऊ नये. अशा कड्यांना बहुधा उलटे आटे असतात. (‘बंद पडलेला’ मेक घेऊन येणाऱ्यांतला मोठा हिस्सा कडे चुकीच्या बाजूला फिरवून कुलूप लावून बसलेला असतो. तेवढे आधी पाहावे आणि मग ज्ञान पाजळावे.) आत बटणाचा पितळी खांब, त्याच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचे इन्सुलेटर, त्याखाली स्प्रिंग. खांबाचे तोंड काळे पडले होते, आणि भिंगाखाली धरले तर त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसत होते, प्रत्येक खड्ड्याच्या कडेला वितळून थिजलेल्या पितळेची बारीक ओठाळी. हे ठिणगीचे काम. पंधरा-सोळा अँपिअर जोडताना आणि तोडताना फटीत क्षणभर आर्क उडतो. बटण ठामपणे दाबणाऱ्याच्या हातून खड्डे कमी पडतात. घाबरत घाबरत, अर्धवट दाबणाऱ्याच्या हातून जास्त. पोराचा अंगठा कसा चालतो हे त्या खांबावर लिहिलेले होते.

आता हिशोब पाहा. त्याच्या ॲटमायझरमध्ये दोन वेटोळी समांतर, मिळून रोध ०.२६ ओहम. भरलेला सेल ४.२ व्होल्ट. ओहमच्या नियमाने करंट १६ अँपिअर. बटणाच्या कॉन्टॅक्टवर काजळीमुळे ०.०२ ओहम जादा रोध आला असे धरा. आकडा एवढा लहान की साध्या मीटरला तो दिसतसुद्धा नाही. पण १५ अँपिअरला तेवढ्याने ०.३ व्होल्ट वाटेतच मरतात, आणि साडेचार वॅट उष्णता त्या करंगळीच्या नखाएवढ्या पितळेत निघते. वर तारेला ऊब कमी मिळते, वाफ पातळ येते, म्हणून माणूस बटण जास्त वेळ दाबून धरतो, म्हणून बूड आणखी तापते, म्हणून काजळी आणखी धरते. इतक्या कमी भागांत एवढे पुरते दुष्टचक्र मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेले नाही.

स्प्रिंगकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. चांगल्या रचनेत करंट स्प्रिंगमधून जाता कामा नये. स्प्रिंगने फक्त बटण परत ढकलायचे. खराब रचनेत तो जातो, स्प्रिंग तापते, तिचा ताठा जातो आणि बटण सैल पडते. पण जुन्या काही मॉडांत ही गोष्ट मुद्दाम केलेली असे. करंट स्प्रिंगमधूनच न्यायचा, आणि स्प्रिंग अशी निवडायची की शॉर्ट झाला तर ती लालबुंद होऊन खाली बसेल आणि फट उघडेल. फ्यूज नसलेल्या यंत्रात स्प्रिंगनेच फ्यूज व्हायचे. मला ही युक्ती फार आवडते, तरी मी तिच्यावर विसंबणार नाही; स्प्रिंग बसण्याआधी सेलचे काय झाले असेल याची हमी ती देत नाही.

स्प्रिंगऐवजी काही जण लोहचुंबक घालतात, दोन चकत्या समान ध्रुव समोरासमोर. अंगठ्याला फरक लगेच कळतो. स्प्रिंगचा विरोध दाबाबरोबर सारखा वाढत जातो. चुंबकाचा आधी जवळजवळ नसतोच आणि शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये एकदम अंगावर येतो. त्यामुळे बटण सोडताच ते फटकन परतते, कॉन्टॅक्ट चटकन तुटतो, ठिणगी कमी. रसिकांची पसंती चुंबकाला आहे ती नुसत्या मऊपणासाठी नाही. मात्र साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात, म्हणजे बूड तापण्याची सवय असलेल्या नळीत ते हळूहळू निकामी होतात. आणि जोडताना एक चकती उलटी पडली तर काय होते ते पुढे सांगतो.

पोराला नवी तांब्याची नळी घ्यायची होती. स्टील वीज वाहण्यात कच्चे, तांबे पक्के, म्हणून तांब्याचा मेक ‘जोरात मारतो’, हे या छंदातले सर्वमान्य शास्त्र आहे. अर्धे खरे आहे. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या चाळीसपट असतो. पण नळीची भिंत केवढी जाड, लांबी केवढी? बावीस मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीच्या भिंतीची, सात सेंटिमीटर लांबीची स्टीलची नळी धरली तर तिचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आसपास येतो. पंधरा अँपिअरला त्यात व्होल्टच्या शंभराव्या भागाहूनही कमी पडझड. म्हणजे नळी कशाची आहे याने वाफेत पडणारा फरक जिभेला कळण्याजोगा नाही. पडझड होते ती सांध्यांत. दोन धातूचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकले की डोळ्यांना ते सपाट चिकटलेले दिसतात, प्रत्यक्षात उंचवट्यांच्या मोजक्या टोकांवरच स्पर्श असतो आणि सगळा करंट त्या टोकांतून गर्दी करून जातो. स्वच्छ, घट्ट, नीट कापलेल्या आट्यांची स्टीलची नळी ही मळक्या आट्यांच्या तांब्याच्या नळीला सहज मागे टाकते. तांबे हातात जड लागते, रंगाला सुंदर असते आणि वापराने त्यावर तपकिरी छटा चढते. त्यासाठी घ्या. ‘जोरात मारते’ म्हणून घेऊ नका.

आटे पाहिले. नळीचे आटे बारीक पिचाचे, कातण्याची घाई केलेले. शेवटच्या फेऱ्यात धातूचा बारीक कीस तसाच राहिलेला, आणि त्यावर ग्लिसरीन आणि पितळेच्या झिजेचा हिरवट-काळा लेप. ग्लिसरीन चिकट, वीज न वाहणारे, आणि ॲटमायझरच्या बुडातून झिरपून ते नेमके सांध्यांत जाऊन बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर ते निघाले. पितळी खांबाचे तोंड बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर घासले, तोंड सपाट राहावे म्हणून. चिंचेचा कोळ लावला तर पितळ लखलखते हे आपल्या घरात पोरासोरांना माहीत असते, इथेही तो चालतो. पण नंतर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे लागते, आणि कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असेल तर त्याच्या वाटेला काहीही खरखरीत जाऊ देऊ नये. एकदा मुलामा गेला की खालचे पितळ पुन्हा पुन्हा काळे पडत राहते.

मग सेल. १८६५०, म्हणजे अठरा मिलिमीटर व्यास आणि पासष्ट लांबी. या नळीतला खरा धोका आणि खरा नाजूकपणा इथे आहे, आणि मला वाटते बहुतेक वापरणाऱ्यांनी तो कधी नीट पाहिलेला नसतो. सेलचे ऋण टोक म्हणजे फक्त त्याचे बूड नव्हे. बाजूचा पूर्ण धातूचा डबा ऋणच आहे. वरच्या धन टोकाच्या भोवती खांदा आहे, तोही ऋण. धन आणि ऋण यांच्यामध्ये एक पातळ कागदी चकती आणि रंगीत प्लॅस्टिकचे वेष्टण, एवढाच पडदा. पोराच्या सेलचे वेष्टण बाजूला एका ठिकाणी ओरखडून उघडे पडले होते. आता हे वाचा: सेल धन टोक वर ठेवून घातला असेल तर नळी बटणाच्या अलीकडची, म्हणजे डब्याचा उघडा भाग नळीला टेकला की बटण न दाबताच सर्किट पुरे होते. तार आपोआप पेटते आणि पेटतच राहते. तोच सेल उलटा घातला तर बटण दाबताच नळी थेट धन टोकाला जोडली जाते, आणि ती उघड्या ऋण डब्याला टेकलेली असेल तर मध्ये तारसुद्धा नाही, सरळ शॉर्ट. म्हणून ‘धन वर’ ही सवय आहे, फॅशन नाही. आणि वेष्टण वरच्या खांद्यावर फाटले असेल तर सेल कसाही घाला, शॉर्ट होण्याची वाट तयार आहे. नवे वेष्टण मिळते, उष्णतेने आकसते, पाच मिनिटांचे काम. त्या सेलवर ते चढवले.

ॲटमायझर ज्या आट्यात बसतो त्याला सगळे ५१० म्हणतात, सात मिलिमीटर व्यास आणि अर्धा मिलिमीटर पिच. नेमेसिसच्या घाटात वर एक हलणारी पितळी पीन असते, ती ॲटमायझर आणि सेल यांच्यात मध्यस्थ. ‘हायब्रिड’ नावाच्या मॉडांत ती मध्यस्थ पीनही काढून टाकलेली असते. ॲटमायझरची पीन थेट सेलच्या डोक्यावर टेकते. सांधा एक कमी, रोध कमी, म्हणून जोर जास्त. पण ॲटमायझरची पीन आट्यांच्या कडेपेक्षा पुरेशी पुढे आलेली नसेल तर पिनेच्या आधी ती कडाच सेलच्या डोक्याला भिडते आणि खांद्यावरून पुरता शॉर्ट होतो. एका मिलिमीटरच्या भरवशावर सगळे उभे. मला साधेपणा प्रिय आहे, तरी इथे तो एक पाऊल जास्त झाला असे माझे मत आहे.

वेटोळ्यांकडे वळलो. तार कांथलची, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची मिश्रधातू. स्वीडनच्या हाल्स्टाहामारमध्ये हान्स फॉन कान्ट्झोव यांनी तिचा कारखाना १९३१ साली काढला तो भट्ट्यांसाठी. चोवीस गेजची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची तार, तीन मिलिमीटरच्या सळईवर सहा फेरे, पायांसकट रोध अर्ध्या ओहमच्या जवळ. अशी दोन समांतर म्हणून ०.२६. इथे एक गोष्ट नवख्याला चक्रावते. फेरे एकमेकांना चिकटलेले असतात, मग करंट एका फेऱ्यातून दुसऱ्यात उडी मारून का जात नाही? उत्तर तारेच्या कातडीत आहे. कांथल तापली की तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो, आणि तो वीज वाहत नाही. म्हणून नवे वेटोळे कापूस घालण्याआधी थोडे थोडे पेटवायचे आणि सिरॅमिकच्या चिमट्याने हलकेच खरवडायचे किंवा दाबायचे. आधी एखादाच कडेचा फेरा भगभगीत लाल होतो, बाकीचे काळेच. मग थर बसत जातो आणि लाली मध्यातून दोन्ही टोकांकडे सारखी पसरू लागते. दोन्ही वेटोळी एकाच क्षणी, एकाच छटेत, मधून बाहेर उजळू लागली की समजावे जमले. सगळ्या खटपटीतला हाच सर्वांत सुंदर क्षण आहे, आणि तो वापराचा नाही, दुरुस्तीचा आहे.

कापूस हा थोडक्यात आटोपण्याचा विषय नाही, पण मी ओढत नसल्याने त्याच्या चवीबद्दल बोलण्याचा अधिकार पोराचा. मला दिसते ते एवढेच, की वेटोळ्यातून कापूस ओढताना तार किंचित हलली पाहिजे पण वाकडी होता कामा नये. घट्ट भरला तर द्रव चढत नाही आणि कापूस करपतो, सैल भरला तर द्रव गळतो. लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हचा बर्नर पिनेने साफ करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. द्रव पोचला पाहिजे आणि नेमका तेवढाच पोचला पाहिजे.

जोडणीला क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. बूड आधी: खांब, इन्सुलेटर, स्प्रिंग, बटण, कुलूप-कडे. सेल हाताजवळही नको. बटण दाबून सोडायचे, दहा वेळा, वेगवेगळ्या कोनांतून. प्रत्येक वेळी ते स्वतःहून, न अडखळता परत आले पाहिजे. चुंबक असतील तर चुकीची पडलेली चकती इथेच पकडली जाते. ती उलटी बसली तर दोन्ही एकमेकांना ओढतात, बटण आत चिकटून राहते, आणि सेल घातल्या क्षणी नळी पेटते. मग मीटरची दोन टोके टोपणाच्या आट्याला आणि खांबाला लावून कंटिन्युइटी बघायची: दाबले की वाजले पाहिजे, सोडले की गप्प. हे झाल्यावर कुलूप लावायचे.

ॲटमायझर वेगळा ओहममीटरवर मोजायचा. साध्या मल्टिमीटरवर मोजायचा असेल तर आधी त्याची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून जो रोध दिसतो तो वजा करावा, नाहीतर ०.२६च्या जागी ०.४ वाचून आपण निर्धास्त होऊ. आकडा स्थिर हवा. ॲटमायझरला बोटाने टिचकी मारली आणि आकडा नाचला तर तारेचा पाय स्क्रूखाली सैल आहे. पोराचा एक पाय तसाच होता, म्हणजे ‘कधी पेटते, कधी नाही’ यातला अर्धा दोष बुडात आणि अर्धा डोक्यात होता. आकडा पक्का झाला की तो सेलच्या ताकदीशी ताडायचा. वीस अँपिअर सतत देऊ शकणाऱ्या सेलला सोळा अँपिअर चालतात, जेमतेम. हौसेने ०.१ ओहमचे वेटोळे करणारे बेचाळीस अँपिअर मागत असतात आणि ते त्यांना माहीत नसते.

मग ॲटमायझर नळीवर, सेल खालून धन वर, शेवटी कुलूप लावलेले बूड. नळी कानाशी हलवायची. सेल खडखडला तर त्याला घट्ट धरणारा समायोजनाचा स्क्रू थोडा बाहेर काढायचा. खडखड थांबली की तिथेच थांबायचे. जास्त पिळला तर सेलच्या डोक्यावर दाब येतो आणि बटणाची चाल नाहीशी होते. नळीच्या अंगावरची भोके, सेलने वायू सोडला तर बाहेर पडण्यासाठी असतात, ती मोकळी आहेत ना ते बघायचे. कित्येक नकलांत ती नुसती नक्षी म्हणून अर्धवट कोरलेली असतात. पोराच्या नळीला होती, आरपार.

कुलूप उघडले, बटण दाबले. दोन्ही वेटोळी एकदम पेटली. थोड्या वेळाने बूड हाताला लावून पाहिले, गार. “आता ठीक आहे,” तो म्हणाला, “पण आधीपेक्षा जोरात लागतंय.” लागणारच, मधेच मरणारे व्होल्ट आता वर पोचत होते. आणि सेल उतरत जाईल तसा जोर कमी होईल हेही त्याला सांगितले. ४.२ व्होल्टवरून ३.५ वर आला की तारेला मिळणारे वॅट जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतात. वाफ पातळ झाली की सेल बदलायचा, या यंत्रात चार्ज दाखवणारा काटा म्हणजे माणसाचाच घसा.

यंत्र म्हणून मी या नळीला पूर्ण गुण देतो. पण ज्या गोष्टीने ती सुंदर आहे त्याच गोष्टीने ती धोकादायक आहे, आणि यातली एक बाजू घेऊन दुसरी विसरता येत नाही. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या आहेत. त्या सगळ्या मेकच्या नव्हेत, पण लिथियम सेल लांबट नळीत फुटला की तो टोकाकडून सुटतो हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. मे २०१८मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गला आणि जानेवारी २०१९मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थला तोंडाजवळ स्फोट होऊन माणसे गेली. सर्किट नसणे ही कारागिराची शैली असू शकते; ओढणाऱ्याच्या चेहऱ्याशी ती शैली राहते, हे त्याने ध्यानात घ्यावे.

म्हणून जिथे कायद्याने चालते तिथे राहणाऱ्या आणि ही हौस असलेल्या वाचकाला एवढेच सांगतो: तांब्याच्या नळीचे पैसे वाचवा आणि चांगला सेल, वेष्टणांचे पाकीट आणि ओहममीटर घ्या. हे तिन्ही मिळून नळीपेक्षा स्वस्त पडतात. आणि ओहममीटर घरात येईपर्यंत वेटोळ्याला हात लावू नका.